बकरघळीतली संत्री

इंजिरली,
रविवार, १० जानेवारी १९९३

प्रिय पेरिहान वहिनी,

नात्याने तू मोठी, म्हणून आधी तुझ्या हाताचं चुंबन. शाळेत एका बाकावर बसलो, म्हणून मग डोळ्यांचं. गोंजाला भरपूर पापे. आता ती मोठी झाली, तोंड फिरवेल, तरी दे. इथे सगळं ठीक आहे. देनिझलीतही तसंच असावं, आणि तुझ्या विणायच्या मागावरची धूळ यंदा छातीत बसली नसावी.

तुला पत्र लिहायला मी कारण शोधत होते. ते मिळालं, पण सांगायला अवघड आहे. मी सध्या तुझ्या घरात राहतेय.

रागावू नकोस, पुढे वाच. गावाला आपल्या खाडीत मासे पाळायचेत. जाळीचे मोठे पिंजरे पाण्यात सोडायचे आणि त्यांत लेव्रेक माशाची पिल्लं वाढवायची. परवान्याआधी कोणीतरी सबंध हिवाळा पाणी तपासायला हवं. आमच्या मत्स्य कार्यालयात ‘इंजिरलीचं कोण आहे?’ असं विचारल्यावर सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. तुझ्या घराची किल्ली हुरिये मावशीकडे होती. ती म्हणाली, “बंद घराला बुरशी खाते. पेरिहानने विचारलं तर सांग, शेजारच्या म्हातारीने मला कोंडून घातलं.”

तर म्हातारीने मला कोंडून घातलंय. लिंबाचं झाड छपराच्या वर गेलंय. तुझी तांब्याची सुरई स्वयंपाकघरात त्याच खिळ्याला आहे. हिरवी पडली होती, मी राखेने घासली. बाकी काही हलवलं नाही. दारामागची खुंटी रिकामी आहे. जेव्देतदादाचा कोट तू नेलास हे मला माहीत आहे.

आता कामाचं सांगते, कारण त्यात मला फार मजा येतेय. इल्यास कप्तानच्या होडीतून आम्ही खाडीतल्या पाच ठरलेल्या जागी जातो. एक पांढरी थाळी दोरीने खाली सोडायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचं. जितकी खोल दिसेल तितकं पाणी निर्मळ. कप्तान दर वेळी म्हणतो, “शुक्रान, थाळीत काहीतरी वाढ की गं! माशांना नुसती रिकामी थाळी दाखवतेस, शाप देतील.” मग तळाचं पाणी बाटलीत घ्यायचं आणि त्यात दोन औषधांचे थेंब टाकायचे. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तर ते चहासारखं तपकिरी होतं. नसेल तर फिकटच राहतं.

चार जागांचा चहा मस्त झाला. पाचवी जागा बकरघळ. तिथल्या तळाचं पाणी वाळक्या गवतासारखं फिकट निघालं. कप्तानने बाटली उन्हात धरली आणि म्हणाला, “हा पाहुण्याला दिलास तर तो परत यायचा नाही.”

मला झोप लागेना. बकरघळीला ना घर, ना गटार. शेळ्यासुद्धा हल्ली तिकडे जात नाहीत. गावचा कारभार बघणाऱ्या साफ्फेत मुख्तारला पिंजरे तिथेच हवेत, कारण तीन बाजूंनी डोंगराचा आडोसा आहे. मग तिथल्या तळाचा जीव कशाने गुदमरतो? दुसऱ्या खेपेला नांगर वर ओढला तर त्याला ऑलिव्हचा चोथा चिकटलेला. वहिनी, तेलाचा घाणा धक्क्याजवळ आहे, खाडीच्या दुसऱ्या टोकाला! चोथा तिथवर चालत गेला का?

म्हणून मी संत्री आणली. हुरिये मावशीच्या बागेत न विकलेल्या संत्र्यांचा ढीग होता. संत्रं पाण्यात जवळजवळ बुडूनच तरंगतं, वर जेमतेम टाळू दिसते. त्यामुळे वारा त्याला ढकलू शकत नाही. पाणी नेईल तिकडे ते जातं. प्रत्येक जागेसाठी वेगळा रंग ठरवून मी होड्यांच्या रंगाचे ठिपके दिले आणि पाची जागी टोपलीभर संत्री सोडली.

संध्याकाळपर्यंत सगळी धक्क्यावर हजर. सगळ्या रंगांची.

कप्तान मिशीला पीळ देत म्हणाला, “बघ! या खाडीत पडलेलं सगळं शेवटी धक्क्यालाच येतं. माझा बाप हेच सांगायचा.” मी बरीच निराश झाले. मग लक्षात आलं की संत्री ओळीने टोपल्यांत मांडलेली आहेत, धुऊन, पुसून. गावातल्या प्रत्येक होडीने वाटेत दिसलेलं संत्रं उचलून आणलं होतं. किनाऱ्यावरच्या बायकांनी झगे वर खोचून पाण्यात शिरून गोळा केली होती. खाली पडलेला भाकरीचा तुकडा उचलून कपाळाला लावणारं आपलं गाव, अख्खी टोपली वाहून जाताना कसं बघवेल? हुरिये मावशीने एक संत्रं माझ्या हातात ठेवलं आणि समजुतीच्या स्वरात म्हणाली, “पोरी, होडीत नीट बसत जा. सगळं सांडवलंस.”

इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. हसताना वळून बघितलं, तुला सांगायला. सवय.

पुन्हा सोडणार आहे. पाणी कुठून कुठे जातं, ते मला कळायलाच हवं.

शुक्रान

(‘तुझी नणंद’ असं लिहिणार होते. तुझी परवानगी आल्यावर लिहीन.)


इंजिरली,
बुधवार, २७ जानेवारी १९९३

प्रिय पेरिहान वहिनी,

हाताचं आणि डोळ्यांचं चुंबन. फुटाण्यांचं पाकीट मिळालं. पोस्टमनने हलवून विचारलं, “देनिझलीचे का?” त्याला मूठभर द्यावेच लागले. पाकिटाच्या तळाशी तुझा कागदाचा कपटा होता: ‘मग संत्र्यांचं काय झालं?’

सहा हिवाळ्यांत तुझ्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य. मी ते चुलीवरच्या फळीवर टेकवून ठेवलंय.

तर ऐक. मी साफ्फेत मुख्तारला विनंती केली आणि त्याने मशिदीच्या भोंग्यावरून घोषणा केली. “गावकऱ्यांनो! समुद्रात तरंगणारी संत्री कोणीही उचलू नयेत. खाऊ नयेत. ती सरकारी आहेत! दिसतील तिथली जागा फक्त शुक्रानबाईंना कळवावी.” भोंगा बंद व्हायच्या आत हुरिये मावशी दारात. “माझ्या बागेतली संत्री सरकारी कधी झाली?” शेवटी तोडगा निघाला. जागा कळवून झाली, मी जाऊन बघितलं, की संत्री मावशीच्या मुरंब्याची. आता अख्खं गाव समुद्राकडे बघत बसलेलं असतं. चहाच्या दुकानात पत्त्यांचे डाव मोडले. “तांबडी दोन, खडकापाशी!” असं ओरडत कोणी ना कोणी येतंच. कधी नव्हे ते सगळ्यांना पाण्याचं कुतूहल वाटायला लागलंय.

आम्ही निघताना मावशी धक्क्यावर येऊन तांब्याभर पाणी आमच्या मागे ओतते आणि म्हणते, “पाण्यासारखे जा, पाण्यासारखे या.” काल कप्तान म्हणाला, “मावशी, तुझं गोडं पाणी मिसळलं की हिच्या तपासणीत मीठ कमी भरतं हं!” म्हातारी बिचारी खरंच घाबरली. आता धक्क्याच्या अलीकडेच, जमिनीवर ओतते.

वारा नसताना संत्री जागच्या जागी डुलत राहतात. उत्तरेचा वारा असला की बाहेर, मोकळ्या समुद्राकडे जातात. हे अपेक्षित होतं. मला हवा होता लोदोस. दक्षिणेचा हा वारा सुटला की सगळी होडकी बांधून लोक घरी बसतात, आणि त्याच दिवसांत खाडीचं पाणी खरं ढवळतं. गेल्या आठवड्यात तो दोन दिवस वाहिला. ओसरायला लागल्यावर आम्ही निघालो. पिवळ्या ठिपक्यांची संत्री मी खाडीच्या तोंडाशी, काळ्या टोकापाशी सोडली.

तिथे कोणाची जाळी असायची ते तुला सांगायला नको.

गावात अजून तेच बोलतात का, हे तू विचारणार नाहीस. बोलतात. परवाच एकजण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “जेव्देतला काय धाड भरलीय? समोरच्या बेटावर दुसरं घर केलंय, रोज ताजा मासा खातो.” आणि मग तोच जुना मुद्दा. जाळी काळ्या टोकाला, आणि नाव सापडली बकरघळीत, रिकामी. लोदोसमध्ये सुटलेली नाव वाऱ्याबरोबर धक्क्याकडे येईल, आडबाजूच्या बकरघळीत आपण होऊन कशी जाईल? म्हणजे जेव्देतनेच ती तिथे आणून सोडली, डोंगर चढून तो पलीकडे उतरला आणि तिथून दुसऱ्या बोटीने पसार झाला. हे सगळ्यात ठामपणे कोण सांगायचं, तर आपला इल्यास कप्तान. पाण्यातलं त्याला कळतं म्हणून सगळ्यांनी मानलं.

मीही मानलं, वहिनी. तू गाव सोडलंस त्या दिवशी बसच्या खिडकीतून तू म्हणालीस, “बोलू देत. बोलतात तोवर तो आहे.” तेव्हा मला ते वेड वाटलं होतं.

पिवळ्या संत्र्यांबद्दल लिहायला बसले होते, पण चूल विझत आलीय आणि लाकडं बाहेर भिजताहेत. गोंजा लिहिते की तू दर वसंतात कोट उन्हात घालतेस आणि खिशात लव्हेंडरची पुरचुंडी ठेवतेस. चांगलं करतेस. लोकर कसरीला फार लवकर बळी पडते.

फुटाणे संपले.

शुक्रान


इंजिरली,
रविवार, १४ फेब्रुवारी १९९३

प्रिय वहिनी,

हे पत्र गोंजा घरात असेल तेव्हा उघड. मागावर बसलेली असशील तर आधी ऊठ.

चूल विझत नव्हती. लाकडं घरातच होती.

लोदोस ओसरला त्याच्या दुसऱ्या दिवशी चार जागांची संत्री जिथे जायची तिथे गेली. पिवळ्यांचा कुठेच पत्ता नव्हता. कप्तान म्हणाला, “गेली बेटावर. आता ती खातील सरकारी संत्री.” मी म्हटलं, एकदा बकरघळ बघू. तो म्हणाला, “तिकडे कशाला इंधन जाळतेस?” तरी त्याने नाव वळवली.

सगळी तिथे होती. घळीच्या आतल्या कोपऱ्यात, त्या फुटक्या खडकापाशी. पिवळे ठिपके वर, शांतपणे डुलत. त्यांच्याबरोबर ऑलिव्हचा चोथा, पानं, एक प्लॅस्टिकची चप्पल. खाडीत सांडलेलं सगळं.

पहिल्या क्षणी मला फक्त आनंद झाला. हे तुला खरं सांगायलाच हवं. कोडं सुटलं होतं! वारा पाणी आत लोटतो, खाडीत ते साचून उंच होतं, आणि वारा मंदावला की ते साचलेलं पाणी सरळ मागे न जाता पूर्वेच्या काठाने वळसा घेतं. त्या वळशाच्या पोटात बकरघळ येते. म्हणूनच चोथा तिथे, म्हणूनच तळाचं पाणी गुदमरलेलं. मी टाळ्या पिटल्या. “कप्तान, बघा, बघा!” असं लहान मुलीसारखी ओरडले.

तो बघत होता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

“शुक्रान,” तो म्हणाला, “त्या दिवशी नाव याच खडकाला टेकली होती.”

मी अजून हसतच होते, वहिनी. तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं.

“रिकामी नाव वाऱ्यावर चालते,” मी म्हटलं. “ती संत्र्यासारखी कशी येईल?”

“रिकामी म्हणजे माणूस नव्हता तिच्यात. पाणी होतं.”

“किती?”

“बसायच्या फळीपर्यंत. काठ तेवढे वर दिसत होते.” त्याने बोटाने एक संत्रं पाण्याखाली दाबून सोडलं. “एवढी बुडालेली नाव... वारा तिला कुठे पकडणार होता? आम्ही सगळे वाऱ्याचाच विचार करत बसलो. गाढव मी. म्हातारा गाढव.”

“तुम्ही तेव्हा हे कोणाला सांगितलं नाही?”

“सगळ्यांनीच बघितलं होतं की गं. पाणी उपसून आम्हीच तिला ओढत आणली. भिजलेल्या नावेत काय सांगण्यासारखं असतं?”

आम्ही संत्री न उचलताच परतलो. धक्क्यावर हुरिये मावशीने टोपली पुढे केली, कप्तानचा चेहरा बघितला आणि मागे घेतली.

माझा विश्वास बसेना. की बसू द्यायचा नव्हता, कोण जाणे. या महिन्यात लोदोस पुन्हा आला तेव्हा मी काळ्या टोकाला परत गेले. आणखी बाहेर, आणखी आत, वेगवेगळ्या जागी संत्री सोडली. ती बेटाकडे जावीत म्हणून मनात प्रार्थना करत होते. पाण्याच्या परीक्षकाने अशी प्रार्थना करायची नसते. थोडी गेलीही बाहेर, कुठे गेली कळलं नाही. पण जाळ्यांच्या जागेवरची, ती प्रत्येक खेपेला बकरघळीत आली.

संत्र्यांनी काय सांगितलं तेवढंच मी लिहिते, जास्त नाही. नाव आणायला माणूस लागत नाही. ती एकटी येऊ शकते. दादाचं काय झालं ते संत्र्यांना माहीत नाही. पण तो कोणाला फसवून गेला, या गोष्टीला जो एकच खांब होता, तो पडला. आणि त्या गोष्टीबरोबर तो बेटावर कुठेतरी मासा खात बसलाय, हेही पडलं.

आता मला तुझं बसच्या खिडकीतलं वाक्य कळतं. लोक त्याला लबाड म्हणायचे तेव्हा मी वरवर चिडायचे आणि आतून निश्चिंत व्हायचे. लबाड तर लबाड. समोरच्या बेटावरचे दिवे लागले की मी मनात त्याला चार शिव्या घालायचे, आणि मग मला झोप यायची. मेलेल्या माणसाला कोणी शिव्या घालत नाही. गेल्या आठवड्यात दिवे लागले आणि मला काय म्हणावं सुचेना.

तुझ्यापासून हे लपवायचा विचार केला होता. एक पूर्ण पत्र लपवलं. पण ते आता माझ्या हातात राहिलेलं नाही. पिंजऱ्यांचा निर्णय याच्यावर आहे. बकरघळीत पिंजरे टाकले तर माशांचं उरलेलं खाद्य आणि घाण तिथेच साठत जाईल आणि एखाद्या उन्हाळ्यात सगळे मासे एका रात्रीत पोट वर करून तरंगतील. पिंजरे टोकाच्या बाहेर, वाहत्या पाण्यातच हवेत. मुख्तार दोनदा येऊन गेला. “बाहेर लाटा किती असतात! ताई, ती पिवळी संत्री जरा विसर की. चारच जागा लिही. बकरघळीचा दिवस खराब होता म्हण.” मी म्हटलं, “साफ्फेतभाऊ, दिवस खराब नव्हता. पाणीच तसं आहे.” तो उठला, चहा अर्धाच टाकून. आपल्याकडे अर्धा चहा टाकून उठणं म्हणजे केवढा राग, ते तुला माहीत आहे.

रमझान लागायच्या आधी निकाल हवा, म्हणून येत्या शुक्रवारी नमाजानंतर चहाच्या दुकानात मला तो सगळ्यांसमोर वाचायचाय. त्यात दादाचं नाव नाही. नावेचा उल्लेख नाही. पण काळ्या टोकाचं पाणी बकरघळीत येतं, एवढं वाक्य मी उच्चारलं की दुकानातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला उरलेलं आपोआप कळेल. कप्तान म्हणतो, तू वाचून झालीस की मी उभा राहीन आणि जे मीच पसरवलं ते मीच मागे घेईन. राहील तो उभा. सध्या रोज दाढी करून येतो.

त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं. एवढ्याचसाठी हे पत्र.

इमामसाहेबांनी विचारलंय की आता प्रार्थना करायची का, देह नसताना करतात ती. सहा वर्षांपूर्वी तू हात आडवा घातला होतास आणि गाव तुझ्यावर रुसलं होतं. मी त्यांना सांगितलं, पेरिहान जिवंत आहे, तिला विचारल्याशिवाय या गावात कोणी हात उचलणार नाही. तू हो म्हण, नाही म्हण, दहा वर्षांनी सांग. कोट या वसंतातही उन्हात घाल. मी तुला कोण सांगणारी?

एकच गोष्ट सांगते, जी तुला माहीत नसेल. दादा गेला त्या पहाटे मी मावशीच्या गच्चीवर दोरीवरचे कपडे काढायला आले होते. दादा नेहमीसारखा मागे न बघता उतरत होता आणि तू दारात उभी राहून सुरईतलं पाणी त्याच्या मागे ओतत होतीस. नंतर बायका कुजबुजल्या की पाणी ओतायचं राहून गेलं असेल. राहिलं नव्हतं. मी बघितलंय. सगळी सुरई ओतलीस, शेवटी उलटी करून झटकलीससुद्धा. आणि आता मला हेही माहीत आहे की पाण्याने त्याची नाव एवढ्या मोठ्या समुद्रात सोडून दिली नाही. वळसा घेऊन आपल्याच खाडीत आणून ठेवली. पाण्याच्या हातात तेवढंच असेल.

हे पत्र मी पोस्टमनच्या हातात देणार आहे. तो वळला की तुझ्या उंबऱ्यावरून तुझी सुरई त्याच्या मागे ओतीन. तो हसेल, फुटाणे मागेल. हसू दे.

अंगणातल्या लिंबांचा भार झालाय. तू आलीस तर तू तोड. नाही आलीस तर झाडावरच राहू देते.

परवानगी न विचारता,
तुझी नणंद
शुक्रान